ट्रंकेतल्या त्रेसष्ट गोळ्या

"साब, कल रात ज्यादा हो गई क्या?"

2015 सालचा नोव्हेंबर. जबलपूरचा गारठा, सकाळच्या पीटीचं फॉलइन, आणि माझ्यासमोर उभा असलेला एक हवालदार मला हे विचारत होता. विचारण्यासारखंच होतं. माझ्या दोन्ही डोळ्यांखाली सूज होती, पापण्या जड झालेल्या, आणि डाव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्ताचा लालभडक डाग. मी हसलो आणि म्हणालो, "हां यार, कुछ ज्यादा ही हो गई."

खरं सांगतो, त्या दिवशी मला रमचा थेंब तोंडात घालून दहा महिने झाले होते. ती सूज रमची नव्हती. रोज घेत असलेल्या एका गोळीची होती. पण युनिटमध्ये "साहेब पितात" अशी कुजबुज झालेली मला चालत होती, "साहेबांना ब्लड कॅन्सर आहे" हे मात्र कुणाच्या तोंडी यायला नको होतं. माझ्या एका वर्षाच्या मूर्खपणाचं मूळ या एका वाक्यात आहे. आजवर मी इथं तेजपूरचा पाऊस, जबलपूरची खव्याची जिलबी, रेल्वेतले वॉरंटवाले प्रवास असं बरंच लिहिलं. हे लिहायला मात्र हात धजत नव्हता. पण मागच्या महिन्यात हॉस्पिटलच्या बाकावर एक पोरगं भेटलं. तेव्हा ठरवलं की आता लिहायचंच.

तेजपूर

जानेवारी 2015. मी सिग्नल्सचा नायब सुभेदार, वीस वर्षं नोकरी झालेली. पोस्टिंग तेजपूरला, ब्रह्मपुत्रेच्या उत्तर काठावर. तीन-चार महिने मला रात्री घाम यायचा. आसामची हवाच दमट, म्हणून सोडून दिलं. वजन पाच किलोनं उतरलं. पीटीचा गुण म्हणून खूश झालो. लंगरमध्ये दोन पोळ्या खाल्ल्या की पोट भरायचं, डाव्या बरगडीखाली काहीतरी जड बसल्यासारखं वाटायचं. ते गॅसेसच्या नावावर टाकलं. शिपायाकडं प्रत्येक दुखण्याला एक तयार कारण असतं.

वार्षिक मेडिकलला रक्त गेलं आणि दुसऱ्या दिवशी एमआय रूममधून निरोप आला. आरएमओ साहेबांनी मला आडवं झोपवलं, डाव्या बरगडीखाली हात दाबला आणि दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं. त्यांच्या बोटांना माझी प्लीहा लागत होती. एरवी ती बरगडीच्या आड असते, बोटाला सापडत नाही. पांढऱ्या पेशी साधारण चार ते अकरा हजारांच्या आत असाव्या लागतात. माझ्या एक लाख बारा हजार होत्या.

त्याच आठवड्यात मला मोठ्या लष्करी हॉस्पिटलात पाठवलं. तिथं तपासण्या झाल्या आणि निदान झालं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, थोडक्यात सीएमएल. मराठीत सांगायचं तर रक्ताचा, हळूहळू वाढणारा कर्करोग.

'कॅन्सर' हा शब्द ऐकल्यावर माणसाला पुढचं काही ऐकू येत नाही. मला आठवतं ते एवढंच की समोरचे लेफ्टनंट कर्नल साहेब कागदावर दोन काड्या काढून दाखवत होते. शरीरातल्या पेशींमध्ये गुणसूत्रं असतात. त्यातल्या नऊ नंबरच्या आणि बावीस नंबरच्या गुणसूत्राचे तुकडे आपसात अदलाबदल होतात. जोडणी चुकते, आणि त्या चुकीच्या जोडणीतून एक नवं प्रथिन तयार होतं. ते हाडांच्या मज्जेतल्या पेशींना 'वाढा, वाढा' असा हुकूम देत राहतं. हुकूम थांबतच नाही.

मी सिग्नल्सचा माणूस. मला ते लगेच समजलं. सेटचं प्रेस-टू-टॉक बटण दाबलेलं अडकून बसलं की अख्खं नेट जाम होतं. तसंच हे.

साहेब म्हणाले की ते तोकडं बावीस नंबरचं गुणसूत्र 1960 साली अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात पहिल्यांदा दिसलं, म्हणून त्याचं नावच फिलाडेल्फिया क्रोमोसोम. ही तुकड्यांची अदलाबदल आहे हे 1973 मध्ये जॅनेट रॉउली या बाईंनी ओळखलं. आणि 2001 साली नेमकं ते अडकलेलं बटण सोडवणारी गोळी बाजारात आली, इमॅटिनिब. त्याआधी हा आजार झालेल्याला इंटरफेरॉनची इंजेक्शनं नाहीतर दुसऱ्याची मज्जा बसवणं, असे मोजकेच रस्ते होते, आणि कित्येकजण काही वर्षांतच जायचे. आता गोळी नीट घेणारे बहुतेक रुग्ण वर्षानुवर्षं नोकरी करतात, पोरांची लग्नं लावतात.

"रोज एक गोळी, 400 मिलिग्रॅम. जेवणाबरोबर, मोठा ग्लासभर पाणी पिऊन. किती दिवस? हमेशा के लिए समझो," साहेब म्हणाले.

या गोळीची आपल्या देशातली कथाही मोठी आहे. मूळ परदेशी कंपनीच्या गोळीला महिन्याला लाखाच्या घरात खर्च यायचा, भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळायची. मूळ कंपनीला इथं पेटंट हवं होतं. सुप्रीम कोर्टानं 1 एप्रिल 2013 रोजी ते नाकारलं. माझ्या निदानाच्या पावणेदोन वर्षं आधी. मला गोळी सरकारी खर्चानं मिळत होती, पण कोरेगावच्या बाजारात भाजी विकणाऱ्या माणसाला हा आजार झाला तर त्याच्या हाती ती पडण्याची शक्यता या निकालामुळं टिकली.

पहिलं वर्ष

पहिलं वर्ष मी हुकमासारखं पाळलं. आधी दर आठवड्याला रक्त, मग महिन्याला. पांढऱ्या पेशी दोन महिन्यांत ताळ्यावर आल्या. प्लीहा बरगडीआड गेली. दर तीन महिन्यांनी पीसीआर नावाची तपासणी व्हायची. रक्तात त्या बिघडलेल्या जोडणीचा अंश शेकडा किती उरला, ते ती सांगते. तीन महिन्यांत दहा टक्क्यांच्या आत, सहा महिन्यांत एकच्या आत, वर्षात 0.1 च्या आत, असे तीन टप्पे. माझे आकडे आले 7.8, मग 0.9, मग 0.09. साहेबांनी पाठीवर थाप मारली.

कॅटेगरी अर्थातच खाली गेली. आधी चोवीस आठवड्यांची तात्पुरती, मग कायमची. उंचावरचं पोस्टिंग बंद, आणि रक्तविकाराचे डॉक्टर जिथून जवळ असतील तिथंच ठेवायचं. म्हणून जबलपूर.

आणि गोळीचे चटके तिथूनच जाणवायला लागले. सकाळी उठलं की डोळे सुजलेले. रात्री दोनच्या सुमारास पोटरीत असा गोळा यायचा की मी दात खाऊन उठून बसायचो. बायको अंधारात उठायची, पायाचा अंगठा वर ओढून धरायची, पोटरी चोळायची. रिकाम्या पोटी गोळी पडली तर अर्ध्या तासात मळमळ. आठवड्यातून दोन-तीन दिवस पोट सैल. दुपारी चारनंतर बॅटरी उतरल्यासारखा थकवा.

एक मजेशीर गोष्टही झाली. माझा रंग उजळला. ही गोळी त्वचेतला रंगही कमी करते, आपल्यासारख्या सावळ्या माणसांत ते चटकन दिसतं. सुट्टीवर गावी गेलो तर आई दारातच म्हणाली, "गोरा झालास रं. तिकडचं पाणी मानवलं तुला." आईला मी आजाराचं काही सांगितलं नव्हतं. ती माझ्या गालावरून हात फिरवत होती आणि बायको आत जाऊन चुलीपाशी पाठमोरी उभी राहिली.

सब ठीक है

आता मूळ मुद्दा.

फौजेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला एका प्रश्नाचं एकच उत्तर येतं. "कैसे हो?" "ठीक हूँ साब." ताप असला तरी ठीक, घरी भांडण असलं तरी ठीक, टाचेला फोड येऊन बूट रक्तानं भिजला असला तरी ठीक. रोज सकाळी सिक रिपोर्टवर जाणाऱ्याकडं आम्ही कामचुकार म्हणून बघतो. मीही बघत आलो होतो. सुभेदारीचा बोर्ड दीड-दोन वर्षांवर होता. माझ्या फाइलवर आधीच कॅटेगरीचा शिक्का. त्यात पोटाच्या, पायांच्या, थकव्याच्या तक्रारी कागदावर चढवायच्या? म्हणून दर भेटीला डॉक्टर साहेब विचारायचे, "कोई तकलीफ?" आणि मी ताठ बसून म्हणायचो, "नहीं सर, सब ठीक है."

मार्च 2017 मध्ये युनिट एक्सरसाइजला बबीनाला निघालं. झाशीजवळचा तो माळ ज्यांनी उन्हात पाहिलाय त्यांना तिथली धूळ आठवत असेल. मला जायची गरज नव्हती. मी हट्ट करून मागच्या कॅम्पमध्ये कम्युनिकेशनचं काम मागून घेतलं. "साहेब आता कागदावरचे फौजी झाले" असं कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी.

तिथं पहिल्याच आठवड्यात पोट बिघडलं. तंबूपासून लॅट्रिन दीडशे पावलांवर. रात्री पोटऱ्यांत गोळे, दिवसा चक्कर. तिसऱ्या दिवशी मी विचार केला, दोन दिवस गोळी नको. आधी पोट सावरू दे.

दोन दिवस गोळी घेतली नाही, आणि मित्रांनो, काय सांगू! पोट सावरलं. चौथ्या दिवशी पाय मोकळे झाले. आठवड्यानं डोळ्यांची सूज गेली. आरशात मला दोन वर्षांपूर्वीचा मी दिसलो. भूक लागली, झोप लागली, काम झटझट व्हायला लागलं.

या आजाराचा खरा फास इथं आहे. आकडे ताब्यात असतात तेव्हा आजार दुखत नाही. दुखतं ते औषध. म्हणून औषध सोडलं की माणसाला बरं वाटतं, आणि शरीर आपल्याला इतक्या गोड शब्दांत खोटं सांगतं की वीस वर्षांचा फौजीही फसतो.

परत आल्यावर गोळी सुरू केली, पण धाक गेला होता. ड्यूटी असली की गोळी नाही. प्रवास असला की नाही. रविवारी जरा बरं वाटावं म्हणून नाही. जूनमधल्या पीसीआरच्या वेळी मी नेमका सुट्टीवर होतो. नेमका म्हणजे, मीच तशी सुट्टी टाकली होती. आणि हॉस्पिटलातून आलेल्या गोळ्या तर संपल्या पाहिजेत, नाहीतर बायको विचारणार. म्हणून न घेतलेली प्रत्येक गोळी मी पत्र्याच्या काळ्या ट्रंकेत, जुन्या हिवाळी वर्दीच्या खिशात टाकत गेलो. फेकून द्यायचं धाडस झालं नाही. ज्या गोळीसाठी लोकांनी दागिने विकले, ती नालीत कशी टाकणार?

सप्टेंबरात रक्त दिलं. रिपोर्ट आला 2.4.

डॉक्टर साहेबांनी चष्मा काढून पुसला. 0.09 वरून 2.4. "गोळी चुकली का कधी?" मी तेच म्हणालो, "नहीं सर. सब ठीक है."

त्यांनी मान डोलावली आणि लिहायला लागले. गोळी नियमित घेऊनही आकडा वर जातोय म्हणजे आजारानं रूप बदललं असावं. म्हणजे म्युटेशनची तपासणी. म्हणजे कदाचित ही गोळी सोडून पुढची, जास्त जोराची गोळी. त्या गोळ्यांचे त्रास वेगळे, एकीत फुप्फुसाभोवती पाणी साठू शकतं, दुसरीत हृदयावर लक्ष ठेवावं लागतं. साहेब मला हे सगळं समजावत होते, माझ्या खोट्या रिपोर्टवर विश्वास ठेवून. मी ऐकत होतो, आणि तरीही बोललो नाही.

पिशवी

घरी येऊन मी बायकोला एवढंच सांगितलं की औषध बदलायचं म्हणतायत. ती काही बोलली नाही. ऑक्टोबर लागला होता, थंडी यायच्या आधी वर्दीला ऊन दाखवायचं म्हणून तिनं ट्रंक उघडली. त्या वेळी मी ऑफिसात होतो. संध्याकाळी आलो तर जेवणाच्या ताटाशेजारी स्टीलच्या वाटीत गोळ्या होत्या. काही पट्टीतून काढलेल्या, काही पट्टीसकट कापलेल्या.

"त्रेसष्ट आहेत," ती म्हणाली. "मी दोनदा मोजल्या."

ती रडली नाही, ओरडली नाही. मी बोर्डाचं सांगितलं, बबीनाचं सांगितलं, पोटाचं, पायांचं. ती म्हणाली, "रात्री दोन वाजता पाय मी चोळत होते ना? तुम्हाला त्रास होतो हे मला ठाऊक होतं. डॉक्टरला तेवढं ठाऊक नव्हतं." मग थोड्या वेळानं, वाटी उचलता उचलता, "अहो, लेक दहावीत आहे."

एवढंच. त्या रात्री मी जेवलो की नाही, आठवत नाही.

पुढच्या भेटीला ती माझ्याबरोबर आली. एरवी ती बाहेर बसायची. त्या दिवशी आत आली, आणि डॉक्टर साहेबांनी "बोलो, कैसे हो" म्हणायच्या आत तिनं पिशवीतून ती वाटीभर गोळ्यांची पुडी काढून टेबलावर ठेवली. मी खाली बघत राहिलो. कमांडिंग ऑफिसरसमोर मार्च झाल्यावरही मला एवढी लाज वाटली नसती.

साहेब बराच वेळ गप्प होते. मला वाटलं आता चार्जशीट. पण त्यांनी पुडी माझ्याकडं सरकवली आणि विचारलं, "सुभेदार साब, तुम्ही सिग्नल्सचे ना? पुढच्या पोस्टवरून तुम्हाला चुकीचा सिटरेप आला आणि त्यावर वर निर्णय झाला, तर दोष कुणाचा?"

मी म्हणालो, "पाठवणाऱ्याचा, सर."

"मी तुमच्या सिटरेपवर तुमचं औषध बदलणार होतो," ते म्हणाले. मग नवा कागद घेतला. "अब बताओ. सिर से पाँव तक. एक एक."

एक एक

त्या दिवशी मला कळलं की मी जे सहा-सात त्रास मर्दानगीनं गिळत होतो, त्यातल्या बहुतेकांवर साधे उपाय होते. माझ्या बाबतीत काय केलं ते लिहितो. हे माझ्या डॉक्टरांनी माझ्यासाठी ठरवलेलं होतं, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा.

मळमळीसाठी गोळीची वेळ बदलली. सकाळी चहाबरोबर घाईत घेत होतो, ती दुपारच्या पूर्ण जेवणाच्या मध्यावर आणली. अर्धं जेवण, मग गोळी आणि मोठा ग्लास भरून पाणी, मग उरलेलं जेवण. त्यानंतर लगेच आडवं व्हायचं नाही.

पोटरीच्या गोळ्यांसाठी रक्तातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, फॉस्फेट तपासलं. ही गोळी फॉस्फेट खाली आणू शकते, माझं खरंच कमी निघालं. त्याची भरपाई केली, दिवसभर पाणी वाढवलं, झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायचा व्यायाम सुरू केला. गोळे पूर्ण गेले नाहीत. पण रोज रात्रीचे होते ते महिन्यातून दोनदा-तीनदा यायला लागले.

डोळ्यांच्या सुजेसाठी पापड, लोणचं, फरसाण बंद. आमटीतलं मीठ बेतानं. उशी जरा उंच. आणि रोज सकाळी वजन. दोन-तीन दिवसांत वजन एकदम वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी असू शकतं, तेव्हा थांबायचं नाही, कळवायचं. डोळ्यातला रक्ताचा डाग दिसायला भयंकर पण माझ्या बाबतीत निरुपद्रवी निघाला, आपोआप गेला.

पोट सैल झालं तर ओआरएस, आणि जंतुसंसर्ग नाही याची खात्री झाल्यावर डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी. एक्सरसाइजच्या तंबूत मनानं औषध सोडणं हा उपाय नव्हे.

थकव्यासाठी हिमोग्लोबिन बघितलं, थोडं कमी होतं. ती गोळी चालू असताना ते कमी राहू शकतं. दुपारी अर्धा तास पाठ टेकायची परवानगी त्यांनी कागदावर लिहून दिली. मी आयुष्यभर जी झोप चोरून घेतली ती आता हुकमानं मिळाली.

आणखी काही गोष्टी त्यांनी ठासून सांगितल्या. एक दिवस गोळी विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. दुसरं कुठलंही औषध, साधी अंगदुखीची गोळीसुद्धा, विचारून. टीबीची, फिटची, बुरशीची काही औषधं या गोळीचा जोर कमी-जास्त करतात. वैद्याचे काढे आणि भस्मंही न विचारता नाहीत. ग्रेपफ्रूट खायचं नाही, आणि त्याच जातीचं पपनसही टाळायचं. तेजपूरला पपनसाला 'रोबाब टेंगा' म्हणतात, तिथं मी मीठ-मिरची लावून मनसोक्त खाल्लं होतं. आणि त्रास असह्य झाला किंवा रक्तातल्या पेशी फार खाली गेल्या, तर गोळी काही दिवस थांबवताही येते. पण ती डॉक्टर थांबवतात. आकडे बघून, तारीख ठरवून.

"थांबवायचीच होती तर मला सांगायचं," साहेब म्हणाले. "मी पण थांबवली असती, दोन दिवस. सहा महिने नाही."

हिशोब

म्युटेशनची तपासणी कोरी आली. आजारानं रूप बदललं नव्हतं, मीच त्याला मोकळं रान दिलं होतं. जुनीच गोळी, पूर्ण, रोज. डिसेंबरात 1.1. मार्च 2018 मध्ये 0.4. सप्टेंबरात 0.08. ज्या जागी मी 2016 च्या जानेवारीत उभा होतो तिथं परत यायला मला अडीच वर्षांहून जास्त लागली. त्यानंतर 2019 च्या शेवटी 0.01 च्या खाली गेलो, आणि आजवर तिथंच आहे.

ज्या बोर्डासाठी हे सगळं केलं, तो कॅटेगरीमुळं हुकला नाही. त्या वर्षी जागाच नव्हत्या. 2021 मध्ये सव्वीस वर्षं पूर्ण करून मी नायब सुभेदार म्हणूनच पेन्शनीवर आलो.

एक किंमत मात्र अजून चालू आहे. माझ्याच सुमारास गोळी सुरू केलेला एक तोफखान्याचा हवालदार आहे. त्यानं एकही गोळी चुकवली नाही. त्याचा आकडा बरीच वर्षं तळाला टिकून राहिला, म्हणून डॉक्टरांनी त्याची गोळी देखरेखीखाली थांबवून पाहिली. दर महिन्याला रक्त. असं थांबवलेल्यांपैकी साधारण निम्म्यांचा आजार परत डोकं वर काढतो, आणि गोळी पुन्हा सुरू केली की बहुतेकांचा पुन्हा खाली जातो. त्याचा अजून तरी आला नाही. मी माझ्याबद्दल विचारलं तेव्हा डॉक्टरांनी फाइल मागं उलटवली, त्या 2.4 वर बोट ठेवलं आणि नको म्हणाले. माझी गोळी चालूच राहणार. रोज दुपारी एक वाजता, जेवणाच्या मध्यावर.

आईला शेवटी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तो गोरेपणा?" मी म्हणालो, गोळीचा. ती म्हणाली, "तरीच. आमच्यात कोण गोरं नव्हतं."

आता गोळ्या ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमधून येतात आणि तपासणीला मोठ्या हॉस्पिटलात जावं लागतं. मागच्या महिन्यात तिथं बाकावर शेजारी एक पोरगं बसलं होतं. पंचविशीचं, इन्फंट्रीचं, केस बारीक कापलेले, पाठ ताठ. हातात त्याच आजाराची फाइल. डोळ्यांखाली सूज. सिस्टर मॅडम वजन घ्यायला आल्या आणि विचारलं, "कोई तकलीफ?" तो उभा राहिला. "नहीं मॅडम. सब ठीक है."

त्या पुढं गेल्यावर मी त्याला गाव विचारलं. सांगली जिल्ह्यातला निघाला. मग मी मराठीत, हळू आवाजात विचारलं, "गोळ्या किती उरल्यात रे ट्रंकेत?"

तो माझ्याकडं बघत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "एकोणीस, साहेब."

त्याचा नंबर पुकारला गेला. मी त्याच्याबरोबर दारापर्यंत गेलो.

जय हिंद.